मोपेडचे चाक आणि चेनची चकती बदलताना

आपल्या घरी विहिरीवरचा पंप असेल तर पट्टा तुटल्यावर आपण काय करता? दुकानात जाऊन नुसते ‘पंपाचा पट्टा द्या’ असे म्हणत नाही. जुना पट्टा खांद्यावर टाकून नेता, त्यावरचा आकडा दाखवता आणि ‘बी-५२ द्या’ असे सांगता. मात्र घरच्या मोपेडचे मागचे चाक गेले, की हाच शहाणा माणूस दुकानात उभा राहून ‘लूनाचं चाक आहे का हो?’ एवढेच विचारतो. दुकानदार माळ्यावरून एक चाक काढतो. चाक गोल असते, आरे चकचकीत असतात आणि भावही बरा वाटतो. महिन्याभरात चेन उतरायला लागते.

लूना आपल्याकडे १९७२ साली आली आणि टीव्हीएस-५० १९८० साली. या दोन गाड्यांनी आणि त्यांच्या भावंडांनी खेड्यातल्या घरांचे किती काम केले ते मी सांगायला नको. दूध डेअरीवर पोचवणे, वैरणीचा भारा आणणे, खताची गोणी मध्ये ठेवून मळ्यात जाणे, बाळंतिणीचा डबा तालुक्याला नेणे, सारे याच गाडीवर. पेट्रोलवरची जुनी लूना बंद होऊन बराच काळ लोटला. २०२४ साली त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी बाजारात आली, पण तिचा जुनीशी नावापुरताच संबंध. तरीही जुन्या गाड्या अनेक घरांतून अजून चालू आहेत. इंजिन धडधाकट असते, पण चाक आणि चकती मिळत नाही म्हणून गाडी गोठ्याच्या भिंतीला लागते आणि शेवटी भंगारात जाते. वास्तविक ती वाचू शकते. तिला बसणारा सुटा भाग ‘तिच्या नावाचा’ असलाच पाहिजे असे नाही. तो तिच्या मापाचा मात्र असलाच पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे टायर. टायरच्या कडेवर २.५०-१६ असा आकडा असतो. यातला २.५० हा टायरच्या रुंदीचा आकडा, इंचात. १६ हा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, इंचातच. रिमवरही असाच आकडा ठोकलेला असतो, तारेच्या ब्रशने गंज घासला की दिसतो. आता गंमत पाहा. सायकलच्या टायरवर २० किंवा २६ असा आकडा असतो, तो टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, आणि तोही अंदाजे. त्यामुळे मोपेडचे १६ आणि मुलांच्या सायकलचे १६ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मोपेडच्या १६ च्या रिमवर टायर बसण्याची जागा सुमारे ४०६ मिलिमीटर भरते. सायकलच्या २० बाय १.७५ टायरची जागाही तेवढीच! म्हणून कोणी हुशार कारागीर सायकलचे टायर मोपेडवर चढवून दाखवतो. ते चढते, यात खोटे काही नाही. पण ते टायर एका माणसाच्या आणि पायाच्या जोराच्या हिशेबाने बनवलेले असते. चाळीस लिटरच्या कॅनमधले दूधच एक्केचाळीस किलो भरते. दोन कॅन, त्यांचे स्वतःचे वजन, वर चालवणारा. एवढ्या ओझ्याने खड्ड्यात आपटल्यावर ते टायर फुटले तर दूध तर जाईलच, हातपायही मोडतील.

दुसरी गोष्ट एक्सल आणि बेरिंग. चाकाचा मधला तुंबा म्हणजे हब. त्यातून जाणारा दांडा किती जाडीचा आहे ते व्हर्निअरने मोजावे. व्हर्निअर नसेल तर गावातल्या लेथवाल्याकडे असतोच, पाच मिनिटांचे काम आहे. बेरिंगवर कोरलेला नंबर लिहून घ्यावा. ६२०१ आणि ६३०१ या दोन्ही बेरिंगांचे आतले भोक १२ मिलिमीटरचे, पण बाहेरचा व्यास एकाचा ३२ आणि दुसऱ्याचा ३७. हाताला दोन्ही सारखीच लागतात, हबमध्ये मात्र एकच बसते.

आमच्या भागातल्या एका दूध गोळा करणाऱ्या तरुणाने दुसऱ्या गाडीचे चाक स्वस्तात घेतले. त्याच्या हबचे भोक १२ चे आणि गाडीचा जुना एक्सल १० चा. मिस्त्रीने डब्याचा पत्रा कापून गुंडाळला आणि फट भरून काढली. चाक पंधरा दिवस फिरले. सोळाव्या दिवशी पत्रा फाटला, चाक तिरके झाले, चेन चकतीवरून उतरून हब आणि फ्रेमच्या मध्ये अडकली आणि मागचे चाक जागच्या जागी थांबले. उतारावर होता. उजव्या हाताचे हाड मोडले. म्हशी चार आणि धार काढणारा तो एकटाच, म्हणजे दीड महिना घरातल्या बायकांवर सगळे काम पडले. पत्र्याऐवजी लेथवर दोन रुपयाभाराचे पितळी बुश कातून घेतले असते तर गाडी आजही त्याच चाकावर चालली असती. बुश कातून बसवणे हा जुगाड नव्हे, ती रीतसर दुरुस्ती आहे. पत्रा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, सुतळी यांनी फट भरणे मात्र जिवाशी खेळ.

हबबरोबर ब्रेकही आला. ड्रमच्या आतला व्यास आणि रुंदी मोजून घ्या. जुने ब्रेक शू नव्या ड्रममध्ये बसवून चाक हाताने फिरवून पाहा. शू कोठे टेकतो आणि कोठे टेकत नाही ते खडूने कळते. ड्रमला आतून खडू फासायचा, ब्रेक दाबून चाक फिरवायचे आणि खडू कोठे पुसला गेला ते बघायचे.

आऱ्यांबद्दल थोडेच सांगतो. जुना हब चांगला असेल तर पूर्ण चाक बदलण्याची गरजच नाही. नुसती रिम आणि आरे बदलून चाक विणून घेता येते, आणि बहुतेक वेळा हाच मार्ग सर्वांत स्वस्त व सुरक्षित असतो. त्यासाठी हबची भोके आणि रिमची भोके यांची संख्या एकच हवी. आपल्या जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलला पुढे ३२ व मागे ४० आरे असतात, म्हणून तिची पुढची रिम मागे चालत नाही. मोपेडचीही मोजूनच घ्यावी. आऱ्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथे आकडा वाढला की तार बारीक होते: १४ गेज म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर, १० गेज म्हणजे सव्वातीनच्या जवळपास. ओझ्याच्या गाडीला सायकलचे आरे घालू नयेत.

आता चकती, म्हणजे स्प्रॉकेट. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते इथेच.

आधी चेन ओळखा. मोपेड आणि लहान मोटरसायकलच्या चेनवर ४१५, ४२० किंवा ४२८ असा आकडा बाजूच्या पट्टीवर कोरलेला असतो. या तिन्हींमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर एकच आहे, अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. सायकलच्या चेनचेही तेच. म्हणून दुकानात चकतीवर चेन ठेवून पाहिली की ‘बसते की!’ असे वाटते. फरक आहे तो रुंदीचा. सायकलची चेन आतून एक अष्टमांश इंच रुंद, ४१५ ची तीन सोळांश, ४२० ची पाव इंच आणि ४२८ ची पाच सोळांश. ४२८ चा रोलरही थोडा जाड असतो. रुंद चेन अरुंद चकतीवर बसते पण डगमगते आणि बाजूने दात खाते. अरुंद चेन रुंद चकतीवर बसतच नाही. तेव्हा आकडा चेनवरही वाचा आणि चकतीवरही वाचा. दोन्हीकडे एकच आकडा असला पाहिजे.

चकतीला बोल्टची भोके तीन, चार, पाच किंवा सहा असतात, आणि ज्या गोलावर ती असतात त्याचा व्यास जुळला पाहिजे. भोकांचे मध्य शोधत बसू नका. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजले की मध्यापासून मध्यापर्यंतचेच माप मिळते. चार किंवा सहा भोके असतील तर समोरासमोरची दोन मोजा, तोच व्यास. तीन भोकांत समोरचे भोक नसते, म्हणून शेजारच्या दोघांतले अंतर मोजून त्याला १.१५५ ने गुणा. पाच भोकांसाठी शेजारच्या दोघांतले अंतर गुणिले १.७०. शाळेत जाणाऱ्या मुलाला हा गुणाकार करू द्या, त्यालाही गणित कशासाठी शिकायचे ते कळेल. मधले मोठे भोक, जे हबच्या खांद्यावर बसते, तेही मोजा. ते सैल असले तर सगळा भार बोल्टांवर येतो आणि बोल्ट कापले जातात. पुढच्या लहान चकतीला आत खाचा असतात. त्यांची संख्या, भोकाचा व्यास आणि चकतीची जाडी एवढे जुळले की झाले.

दातांची संख्या बदलावी का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. समजा पुढे १४ आणि मागे ४२ दात आहेत. पुढची तीन वेळा फिरेल तेव्हा मागचे चाक एकदा फिरेल. पुढची १३ दातांची केली, तर तीनऐवजी सव्वातीनच्या जवळ फेरे लागतात. ओढ वाढते, वेग तेवढाच कमी होतो. हाच परिणाम मागे ४५ दात केल्याने होतो. म्हणजे या हिशेबात पुढचा एक दात मागच्या तीन दातांबरोबर आहे. घाटरस्त्याने दूध नेणाऱ्याने एक दात कमी करायला हरकत नाही. उलट वेगासाठी मागचे दात कमी करणाऱ्याला माझा सल्ला असा, की करू नका. चढावर इंजिन तापते, क्लच घासतो, आणि गावात पोचायची घाई कोणाला एवढी असते?

जुनी चेन आणि नवी चकती ही जोडी कधी लावू नका. जुन्या चेनचे वीस दुवे ताणून मोजा. नव्या चेनमध्ये ते २५४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दहा इंच भरतात. २५९ च्या जवळ गेले असतील तर ती चेन नव्या चकतीचे दात थोड्याच दिवसांत विळ्याच्या पात्यासारखे वाकडे करील. पुढची, मागची आणि चेन असा पूर्ण संच एकदम बदलावा. एकदम पैसे जातात हे खरे, पण तीन वेळा थोडे थोडे जाण्यापेक्षा ते बरे.

अलीकडे सायकललाच इंजिन किंवा मोटर जोडून घेण्याची हौस वाढली आहे. इंजिनाच्या संचात मागची ४४ दातांची, नऊ भोकांची चकती रबराच्या चकत्यांमध्ये धरून थेट आऱ्यांना आवळतात. आरे ओढ सहन करण्यासाठी असतात, पिळून घेण्यासाठी नाहीत. म्हणून ते एकामागून एक तुटतात. चकती हबलाच घट्ट धरणारा क्लॅम्प मिळतो, तो हबचा व्यास मोजून घ्यावा. विजेची मोटर डाव्या बाजूने चेन लावून बसवत असाल तर तिकडे साधे फ्रीव्हील आट्यावर चढवू नका. त्याचा आटा उजव्या बाजूसाठी आहे, डावीकडे ओढ बसली की ते उलगडून बाहेर येते. तिकडे बोल्टने धरलेली चकतीच लागते.

कायद्याचेही बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपेक्षा जास्त क्षमतेचे इंजिन असलेली दुचाकी हे मोटार वाहनच धरले जाते. घरी पन्नास सीसीचे इंजिन जोडलेल्या सायकलला नोंदणी नाही, विमा नाही, आणि वाटेत कोणाला लागले तर भरपाई आपल्या सातबाऱ्यावरून जाईल. विजेच्या सायकलला मोटर पाव किलोवॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि ठरलेल्या अटी पाळलेल्या असतील, तर सूट आहे. वडीलधाऱ्यांनी पोरांना हे आधीच सांगितलेले बरे.

चाक बसवल्यावर मागच्या चकतीच्या सपाट बाजूला लांब पट्टी टेकवून ती पुढच्या चकतीपर्यंत सरळ जाते का पाहा. चेन मध्यावर बोटाने दाबली तर पाऊण ते एक इंच हलावी. जोडाच्या क्लिपचे बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवा. आणि इंजिन चालू ठेवून चेनला तेल देऊ नका, चिंध्याने पुसू तर मुळीच नका. या एका सवयीने बोटे गमावलेली माणसे मी पाहिली आहेत. चाक हाताने फिरवा, इंजिन बंद ठेवा, मुले दूर ठेवा.

शंभरएक किलोमीटर गाडी चालली की चाक पुन्हा सायकलवाल्याकडे नेऊन आरे ताणून घ्यावेत आणि आऊट काढून घ्यावा. नवे आरे पहिल्या काही दिवसांत बसकण घेतात. त्याच वेळी टायर, बेरिंग, चेन आणि दात यांचे सगळे आकडे तेलरंगाने सीटच्या खालच्या पत्र्यावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी चाक आणायला घरातले कोणीही गेले, तरी ते आकडे कागदावर उतरवून नेता येतील.