नळ गळतोय? धंदा आहे, बॉस!

हिंजवडीत कोडिंग करणारे हजारोंनी आहेत, पण पडद्याचा रॉड ठोकून देणारा शोधावा लागतो. या गैरसोयीतूनच छोटा बिझनेस उभा राहू शकतो. अट एकच, तुम्ही काय विकताय हे आधी नीट कळायला हवं!

शनिवार सकाळ. आठवडाभर रात्रीच्या क्लाएंट कॉल्सनी झोपेचं खोबरं केलेलं. आज दहाच्या आत उठायचं नाही, असं ठरवून तुम्ही झोपलात आणि साडेसातलाच किचनमधून आवाज सुरू... टप, टप, टप. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकता, 'चांगल्या प्लंबरचा नंबर आहे का कुणाकडे?' चार नंबर येतात. एक बंद. एक उचलत नाही. तिसरा गावी गेलाय. चौथा म्हणतो, 'येतो संध्याकाळी.' कुठल्या संध्याकाळी, ते मात्र सांगत नाही!

काम असतं एका वॉशरचं. किंमत किरकोळ. पण त्यापायी अख्खा विकेंड हातातून जातो. अशा वेळी प्रत्येक आयटीवाल्याच्या मनात एकदा तरी येतंच, 'च्यायला, नोकरी सोडून हाच धंदा करावा!'

करावा का? चला, जरा हिशेब मांडूया.

बाजार दाराशी आहे

हिंजवडी तशी मुळशी तालुक्यातली. 1990 च्या दशकात इथल्या आणि शेजारच्या माणच्या शेतजमिनींवर एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क आकाराला यायला लागलं. शेतं गेली, काचेच्या इमारती आल्या, पाठोपाठ टोलेजंग सोसायट्या. राहायला आले देशभरातले बॅचलर्स आणि दोघंही नोकरी करणारी जोडपी. यांच्या घरात ना ड्रिल मशिन, ना सुटीच्या दिवशी स्टुलावर चढून पंखा पुसणारे आजोबा. आईबाबा लातूरला, नाहीतर थेट लखनौला.

म्हणजे गिऱ्हाईक आहे. आणि कामं? गळका नळ, अडलेला फ्लश, ट्यूबलाइट, जळमटं, भाड्याचं घर सोडताना करायची साफसफाई, मावशी आल्या नाहीत त्या दिवसाची धुणी-भांडी आणि केर-फरशी. प्रत्येक काम छोटं. म्हणूनच मोठा कंत्राटदार त्याकडे बघत नाही.

ही आयडिया आपल्यासारख्याच एका इंजिनीअरला आधी सुचली होती. 2008 मध्ये बोस्टनला आयबीएममध्ये काम करणाऱ्या लीया बस्कच्या घरातलं कुत्र्याचं खाणं संपलं. शेजारपाजारचं कुणी येताना आणून देईल का, या विचारातून तिने 'रनमायएरंड' सुरू केलं. त्याचंच पुढे 'टास्करॅबिट' झालं आणि 2017 मध्ये फर्निचरवाल्या आयकियाने ते विकत घेतलं. आपल्याकडे 2014 मध्ये 'अर्बनक्लॅप' आलं, 2020 मध्ये ते 'अर्बन कंपनी' झालं आणि सप्टेंबर 2025 मध्ये शेअर बाजारात पोचलं.

वाचून हात शिवशिवायला लागले ना? थांबा. दुसरी बाजूही बघा.

मधला माणूस गळतो कसा?

सॅन फ्रान्सिस्कोची 'होमजॉय' पहिली सफाई अवघ्या 19 डॉलरला करून द्यायची. स्वस्तात सफाई करून घेऊन लोक गेले ते गेले, फिरकलेच नाहीत. त्यात कामगारांच्या हक्कांवरून कोर्टकचेऱ्या. जुलै 2015 मध्ये शटर बंद. मुंबईची 'टास्कबॉब' 2014 मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2017 मध्ये मिटली. गुंतवणूकदारांचा पैसाही अशा कंपन्यांना तारू शकला नाही.

यातली गोम अगदी घरगुती आहे. तुम्ही एका मावशींना एका घरी पाठवता. काम आवडतं. पुढच्या वेळी वहिनी मावशींचा नंबर घेतात आणि म्हणतात, 'थेट याच की हो!' दोघींचाही फायदा, तुम्ही आउट! यात फसवणूकसुद्धा नाही. ओळख करून देण्यापलीकडे तुम्ही काही करतच नसाल, तर तुम्हाला पुन्हा पुन्हा पैसे का द्यावेत?

तेव्हा नंबर विकू नका, भरवसा विका. सांगितलेल्या वेळी माणूस येणार. तो आजारी पडला तर बदली येणार. दुरुस्त केलेला नळ महिन्याभरात पुन्हा गळला, तर फुकट बघून देणार. आणि काही मोडलं-हरवलं तर फोन उचलायला तुम्ही असणार. हे चार शब्द पाळलेत, की थेट नंबर असूनही लोक तुम्हालाच फोन करतील.

समजा, साठ घरं...

आता आकडे. समजा, एका कामाचे तुम्ही 300 रुपये घेतले. त्यातले 220 काम करणाऱ्याला, 80 तुम्हाला. दिवसाला 8 कामं, महिन्याचे 26 दिवस. तुमच्या हाती 16,640 रुपये. त्यातून पेट्रोल, फोन, हत्यारं. तुमच्या सध्याच्या पगाराशी तुलना करून बघा आणि मग ठरवा राजीनामा मेल करायचा की नाही! शिवाय पावसाळ्यात कामांचा पूर, मार्चमध्ये दुष्काळ असं झालं, तर कारागीर दुसरीकडे जाणार.

त्यापेक्षा वर्गणी लावा. महिना 500 रुपये, ठरलेल्या दोन फेऱ्या, सुट्या भागांचे पैसे वेगळे. अशी 60 घरं मिळाली तर 30,000 रुपये आणि 120 फेऱ्या. एक कारागीर दिवसाला 6 फेऱ्या करून महिन्यात 156 करू शकतो. म्हणजे एकाला 20,000 रुपये पक्का पगार देऊनही अचानक येणाऱ्या कामांना जागा उरते. राहिलेल्या 10,000 मधून पेट्रोल, हत्यारं आणि तो रजेवर असताना बदलीचा खर्च. तुमचा नफा इथे जवळपास नाहीच. तो दिसायला लागतो तिसऱ्या कारागिराच्या आसपास, 180 घरांवर. वेळ लागणार, तेव्हा पहिली पायरी वीकेंडलाच चढा.

आणि हो, एरिया छोटा ठेवा. वाकडपासून फेज थ्रीपर्यंत सगळीकडे सेवा, हे बोर्डावर झकास दिसतं. पण ऑफिस सुटायच्या वेळी शिवाजी चौकात कारागीर अडकला, की दोन कामं गेलीच. चौकाच्या एकाच बाजूच्या चार-पाच सोसायट्या घ्या.

'मावशी' हा आयटम नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचं. मार्च 2025 मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत 'इन्स्टा मेड्स' नावाने झटपट घरकामाची सेवा आणली, सुरुवातीचा दर तासाला 49 रुपये. नावावरून इतकी टीका झाली, की ते बदलून 'इन्स्टा हेल्प' करावं लागलं. पिझ्झासारखी माणसं मागवायची का, हा प्रश्न त्यामागे होता.

पुण्याला तो नवा नाही. 1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता. पगारवाढ आणि रजा मागितली होती. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. 18 ते 60 वयाच्या घरकामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते. आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकीची ती नोंदणी करून द्यायला तुमची एक दुपार जाईल. तिच्या दृष्टीने मात्र 'नुसतं कमिशन खाणारा' आणि 'आपला माणूस' यांतला फरक तिथेच ठरेल.

आठवड्याची सुटी, वेळेवर पगार, आजारपणाची रजा आणि कुठल्या घरी त्रास झाला तर 'त्या घरी पुन्हा जायचं नाही' असं सांगणारा मालक. हे दिलंत तर माणसं टिकतात. माणसं टिकली तर भरवसा टिकतो आणि भरवसा हाच तर तुमचा माल आहे!

सुरू करताय? मग हे पाहा

* शॉप अ‍ॅक्ट : महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा कमी माणसं असतील, तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते.
* उद्यम नोंदणी : ऑनलाइन आणि मोफत. एजंटला पैसे देऊ नका.
* जीएसटी : स्वतंत्रपणे सेवा देत असाल, तर वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असताना साधारणपणे नोंदणी लागत नाही. एकदा सीएला विचाराच.
* भांडवल : मुद्रा योजनेत 'शिशु' गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. ड्रिल, शिडी आणि हत्यारांच्या दोन पेट्या त्यात बसाव्यात.
* पोलिस पडताळणी : प्रत्येक माणसाची करा. सोसायटीच्या कमिटीला भेटायला जाल तेव्हा हाच कागद आधी विचारतात.
* वायरिंग : बल्ब-पंखा ठीक, पण मोठं काम परवानाधारक वायरमनलाच द्या.

सुरुवात तुमच्याच बिल्डिंगपासून करा. पुढच्या शनिवारी ग्रुपवर 'प्लंबरचा नंबर आहे का?' असा मेसेज आला, की नंबर पाठवू नका. एवढंच लिहा, 'अकरा वाजता माणूस येईल.'

आणि अकराला तो खरंच पोचला पाहिजे, बरं का!