नदीकाठाने सायकलची वाट

राजूरचे नाव घेतले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात: दगडी कोळसा आणि चुना. इथल्या माणसाला तिसरीही आठवते, ती रस्त्यावरची धूळ. समोरून कोळशाचा ट्रक आला की सायकलवरच्या पोरीने डांबर सोडून कडेच्या मुरमात उतरायचे, ओढणी तोंडावर धरायची, धूळ बसली की पुन्हा वर चढायचे. शाळेपर्यंत असे किती वेळा करावे लागते ते तिलाच ठाऊक. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. ही फार चांगली गोष्ट झाली. पण ती सायकल चालवायची कुठून, हा प्रश्न राहतोच. आज ज्या विषयावर बोलायचे आहे तो वरवर पाहता सहलीचा आणि मौजेचा वाटेल. नदीच्या, तळ्याच्या किंवा समुद्राच्या काठाने लांबवर जाणारी सायकलची वाट, आणि ती गावोगावच्या लोकांनी मिळून कशी उभी करावी, हा तो विषय. मला मात्र त्याचे मूळ या शाळेच्या वाटेतच दिसते.

कोणी म्हणेल, "काय हो, हे विलायती खूळ आपल्याकडे कशाला?" तर मंडळी, पाण्याच्या काठाने शेकडो कोस जाणारी वाट आपल्याला नवी नाही. नर्मदेची परिक्रमा घ्या. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. एका काठाने जायचे, दुसऱ्या काठाने परतायचे, म्हणजे अडीच हजारांवर किलोमीटरची चाल झाली. ही वाट कोणत्या खात्याने बांधली? कोणत्याच नाही. काठावरच्या गावांनी परिक्रमावासीयाला शिधा दिला, धर्मशाळेत जागा दिली, पुढचा रस्ता दाखवला, आणि एवढ्यावर ती वाट पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. सरदार सरोवर भरले तेव्हा जुना काठ कित्येक ठिकाणी पाण्याखाली गेला. परिक्रमा थांबली नाही, तिने वळसा घेतला. वाट म्हणजे नुसती जमिनीवरची पट्टी नव्हे, तिच्यामागे गावांची कबुली असावी लागते, हे यावरून दिसते. पुढचे सारे मी याच एका मुद्द्याभोवती सांगणार आहे.

आता बाहेरच्या जगात पाहू. युरोपात डॅन्यूब नदीवर इंजिनाच्या बोटी येण्यापूर्वी घोडे काठाने चालत आणि दोरखंडाने नावा ओढत. त्या घोड्यांच्या वाटा पुढे ओस पडल्या. आज पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतच्या तीनशेहून अधिक किलोमीटरांच्या टप्प्यात त्यांच्यावरूनच सायकली धावतात. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठी एक जुना कालवा आहे. त्याच्या ओढवाटेवर मोटारींचा रस्ता करायचा घाट घातला गेला. तेव्हा १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस स्वतः ती सारी वाट चालून गेले. सोबत वर्तमानपत्रवाले होते. रस्ता रद्द झाला आणि १९७१ साली त्या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. न्यायमूर्तींनी चालून निकाल लावल्याचे उदाहरण माझ्या तरी वाचनात दुसरे नाही!

पण आपल्याला जास्त उपयोगी पडेल ते कॅनडातले उदाहरण. तिथे ऑन्टारियो नावाचे प्रचंड सरोवर आहे. टोरांटो शहराचा किनारा कारखान्यांनी आणि रेल्वेने अडवून टाकला होता. लोकांना आपलेच पाणी दिसेनासे झाले. १९८८ साली शहराचे माजी महापौर डेव्हिड क्रॉम्बी यांच्याकडे चौकशीचे काम दिले गेले. १९९२ साली त्यांचा अहवाल आला आणि १९९५ साली किनाऱ्याची वाट खुली झाली. आज ती इतर सरोवरांच्या काठीही पसरली असून तीन हजार किलोमीटरांच्या पुढे गेली आहे. दीडशेहून अधिक शहरे, गावे आणि आदिवासी वस्त्या तिच्यात सामील आहेत. ती एका मालकाची नाही, हे तिचे वैशिष्ट्य. आपल्या हद्दीतला तुकडा ज्या त्या गावाने करायचा आणि राखायचा. मधली संस्था नकाशा काढते, खुणेच्या पाट्या सगळीकडे सारख्या ठेवते आणि दोन गावांचे तुकडे जिथे जुळत नाहीत तिथे दोघांना एकत्र बसवते. शिवाय ही वाट सगळी नवी बांधलेली नाही. बराच भाग साध्या, कमी रहदारीच्या रस्त्यांवरूनच जातो. जपानातल्या शिमानामी मार्गावर तर ओनोमिचीपासून इमाबारीपर्यंत सुमारे ७० किलोमीटर रस्त्याच्या कडेने एक निळी रेघ ओढली आहे. रेघ धरून जा, चुकणार नाही! वाटेवरच्या दुकानदारांनी आणि घरवाल्यांनी पिण्याचे पाणी, हवेचा पंप आणि घटकाभर टेकायला जागा दिली. या गोष्टीला खर्च तो कितीसा?

आपल्या महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जाते ती कोकणची किनारवाट. रेवसपासून रेड्डीपर्यंत समुद्र उजव्या हाताला ठेवून सायकलस्वार दक्षिणेकडे जातात. मध्ये खाड्या आडव्या येतात. आगरदांड्याहून दिघीला, वेश्वीहून बागमांडल्याला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला फेरीबोटीत सायकल चढवायची आणि पलीकडे उतरायची. मुक्कामाला घरगुती खानावळ, जेवणात भात आणि माशाची आमटी. शाकाहाऱ्याचे थोडे हाल, पण सोलकढीवर निभावते. तिथे सायकलीसाठी वेगळा रस्ता असा कोणी केलेला नाही. बोटवाला, खानावळवाली आणि पंक्चर काढणारा एवढ्यांनी मिळून तो केला आहे.

उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे, आणि ते शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. मुंबईच्या पवई तलावाभोवती महानगरपालिकेने सायकलीची आणि चालण्याची वाट बांधायला घेतली. हेतू वाईट नव्हता. पण वाट काठावर न जाता तलावाच्या पाणथळीतच दगडांचा भराव टाकून चालली होती. त्या पाण्यात मगरी आहेत, पाणपक्षी आहेत. प्रकरण न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरवले आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. पैसा गेला, वाटही गेली. पाण्याकाठी जायचे म्हणजे पाण्यात घुसायचे नव्हे, हे आधी विचारले असते तर कोणीही सांगितले असते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. वर्धा नदी राजूरपासून सायकलच्या टप्प्यात आहे. वणीजवळून निर्गुडा वाहते. पुढे वढ्याजवळ वर्धा आणि पैनगंगा भेटतात, तिथे यात्रा भरते. वर खूप दूर याच वर्धेच्या काठी रुक्मिणीचे माहेर कौंडण्यपूर. नदी आहे, तीर्थे आहेत, मधे वावरे आहेत. मग वाट का होऊ नये? होऊ शकते, पण कोकणासारखी सरळ नाही. इथे चार अडचणी अगदी इथल्याच आहेत.

पहिली अडचण काळ्या मातीची. पावसाळ्यात ही माती चाकाला आणि मडगार्डला अशी चिकटते की सायकल माणसावर बसते, माणूस सायकलवर नाही. म्हणून नदीच्या अगदी कडेने नवी वाट काढण्याच्या फंदात पडू नये. गावनकाशावर ज्या पांदणी आधीच आहेत त्या मोकळ्या कराव्यात आणि एकमेकींना जोडाव्यात. राज्य सरकारने २०२१ साली शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, तिचा रोख हाच होता: रोजगार हमीची मजुरी आणि इतर निधी एकत्र करून शेतरस्ते पक्के करणे. दोन्ही बाजूंना नाली, मधे दगड-मुरूम, आणि दोन सायकली समोरासमोर निघून जातील एवढी, म्हणजे दोन-अडीच मीटर तरी रुंदी हवी. बैलगाडीची सोय होतेच, सायकलीची आपोआप होते.

दुसरी पुराची. २०२२ च्या पावसाळ्यात वर्धेने काठच्या गावांची काय दशा केली ते तुम्ही पाहिले आहे. पाटबंधारे खाते निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पक्के बांधकाम, विसाव्याचे शेड, काहीही उभारू नये. नाल्यावर उंच पूल नको, साधा रपटा पुरे. पाणी रपट्यावरून वाहत असेल त्या दिवशी वाट बंद, आणि तशी पाटी दोन्ही टोकांना हवी.

तिसरी अडचण जमिनीची, आणि खरी गाठ हीच आहे. शेतकऱ्याला धास्ती असते की आज सायकल आली, उद्या जीप येईल, परवा धुरा मोडेल, कापूस-तुरीची चोरी होईल. ही धास्ती खोटी नाही. जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने तहसीलदार शेताच्या बांधावरून रस्ता देतात, पण तो शेतकऱ्याला आपल्या वावरात जाता यावे म्हणून, सहलीला येणाऱ्यांसाठी नव्हे. तेव्हा जिथे पांदण नाही तिथे राजीखुशीशिवाय दुसरा मार्ग नाही. ग्रामसभेत बसून ठरवावे: वाट कोणत्या महिन्यात खुली, मोटारसायकल अडवायला खांब कुठे, नुकसान झाले तर पाहणार कोण. ज्याच्या धुऱ्यावरून वाट जाते त्याच्याच घरी प्रवाशाचे जेवण ठरले, तर त्याचा विरोध निम्मा होतो. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण अशा शेतकऱ्याला नोंदणी करू देते. आणि पैशाचे म्हणाल तर खाणींच्या भागात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. २०१५ च्या कायद्याने खाणबाधित लोकांसाठी त्यात निधी जमा होतो. शाळेच्या मुलींना ट्रकांपासून वेगळी वाट हवी, ही मागणी ग्रामसभेने ठराव करून तिथे मांडावी. सहलीची वाट म्हणून मागाल तर हसतील, शाळेची वाट म्हणून मागाल तर ऐकावे लागेल.

चौथी अडचण म्हणजे वाघ. हसू नका, बरं का. वणी, मारेगाव, झरीच्या पट्ट्यात वाघाचा वावर आहे. राळेगाव-पांढरकवडा भागातल्या अवनी वाघिणीचे २०१८ चे प्रकरण अजून लोकांच्या तोंडी आहे. वेड्या बाभळीची गर्द झुडपे, खाणीच्या मातीचे ढिगारे आणि नदीचे पाणी एकत्र आले की जनावराला आडोसा मिळतो. म्हणून वाट झुडपांतून नेऊ नये, उघड्या वावरांतून न्यावी. खाणीच्या हद्दीला तर लांबून वळसा घालावा. उजाडण्यापूर्वी आणि दिवेलागणीनंतर कोणी जाऊ नये, आणि मुलांना एकटे कधीच पाठवू नये. वनरक्षकाला विचारल्यावाचून वाट ठरवणे म्हणजे आपल्या हाताने संकट मागणे.

एवढे केले तर आनंद काही थोडाथोडका नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला मोसम. कापूस फुटलेला, तूर पिवळी, सकाळी नदीवर धुके. पाणवठ्यावर खंड्या आणि धोबी दिसतात, थंडीत चक्रवाकाची जोडीही उतरते. नवख्याने दिवसाला ३०-४० किलोमीटरांपेक्षा जास्त हाव धरू नये. सोबत पिण्याचे पाणी, पाना, पंप, सोल्युशन आणि ठिगळाचे रबर असावे, कारण बाभळीचा काटा कोणालाच सोडत नाही. काटा लागला तर तो उपटून तसेच पुढे जाऊ नका. ट्यूब काढून टायरच्या आतून बोट फिरवा, टोक आत राहिले असेल तर नवे ठिगळही दुपारपर्यंत जाईल.

शिक्षकांना एक काम सुचवतो. तलाठ्याकडून गावनकाशाची नक्कल घ्या, आठवी-नववीच्या मुलांना बरोबर घ्या, आणि गावापासून नदीपर्यंतच्या पांदणी दिवसाउजेडी पायी तपासा. अतिक्रमण कुठे, चिखल कुठे, सावली कुठे, पिण्याचे पाणी कुठे, ट्रकांचा रस्ता कुठे ओलांडावा लागतो, हे पेन्सिलीने नोंदवा. पलीकडच्या गावच्या शाळेला तेच करायला सांगा. दोन्ही नकाशे शिवेवर जुळतात का ते पाहा, आणि जुळत नसतील तर दोन्ही सरपंचांना त्या जागी बोलवा.