फर्माचा अंदाज मोडणारी संख्या

४,२९,४९,६७,२९७, म्हणजे ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. द्विमान पद्धतीत तिच्या दोन्ही टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्ये असतात.

२ चे पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेले तर पुढेही मूळ संख्याच मिळतील, असा अंदाज फ्रेंच गणिती प्येर द फर्मा यांनी १६४० मध्ये मांडला. सिद्धता मात्र त्यांच्याकडे नव्हती. पुढची पायरी ३२ व्या घाताची, आणि अंदाज तिथेच कोसळला.

१७२९ मध्ये गणिती गोल्डबाख यांनी हा प्रश्न दुसरे गणिती ऑयलर यांच्या कानावर घातला. १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवून दिले, की या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. हे दोन्ही अवयव मूळ आहेत. संख्येच्या वर्गमुळापर्यंतची, साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्यांची यादी त्यासाठी तपासावी लागत नाही. तिच्या प्रत्येक मूळ अवयवाला ६४ ने भागले तर बाकी १ उरलीच पाहिजे, हे ऑयलर यांनीच पुढे सिद्ध केले. या चाळणीतून क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ या मूळ संख्या उरतात. पाचव्याच प्रयत्नाला अवयव हाती येतो.

भागाकार न करताही हे पटवता येते, आणि ही रीत फार देखणी आहे. ६४१ म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात, अधिक १. तेव्हा ६४१ ने भागल्यास त्या गुणाकाराची बाकी उणे १ धरता येते, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची बाकी १ होते. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. पण ६२५ म्हणजे ६४१ वजा १६, म्हणून ६२५ च्या जागी उणे १६, म्हणजेच उणे २ चा चौथा घात, ठेवता येतो. आता २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ ठरते. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

या संख्येतून २ वजा केले, की वरच्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार मिळतो: ४,२९,४९,६७,२९५. त्यामुळे त्या पाचांपैकी एकीनेही हिला भाग जात नाही. या गुणाकाराला भूमितीतही स्थान आहे. गणिती गाउस यांनी १७९६ मध्ये सुसम सतराभुजाकृती पट्टी-कंपासने काढता येते हे दाखवले; कोणत्या सुसम आकृती अशा काढता येतात, हा नियम १८३७ मध्ये गणिती वाँझेल यांच्या सिद्धतेने पूर्ण झाला. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या, म्हणजे वरच्या पाचांसारख्या, वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. म्हणून ६४१ बाजूंची सुसम आकृती काढता येत नाही, ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची मात्र तत्त्वतः काढता येते. याहून अधिक विषम बाजूंच्या आकृतीसाठी फर्माची सहावी मूळ संख्या सापडावी लागेल.