ओलाव्याची चाहूल घेणारा पापुद्रा

मोलिब्डेनम डायसल्फाइड हे नाव वाचून पान उलटू नका, पदार्थ ओळखीचाच आहे. जालन्यात कुठल्याही गॅरेजमध्ये चाकाचा जॉइंट खोलला की आतून काळंभोर, शिसपेन्सिलीसारखी चकाकी असलेलं ग्रीस निघतं. मेकॅनिक त्याला मॉली ग्रीस म्हणतात. बोटाला लागलं की साबणाला दाद देत नाही. त्याचा निसरडेपणा रचनेतून येतो. वर गंधक, मध्ये मोलिब्डेनम, खाली पुन्हा गंधक असा एकेक थर आतून घट्ट बांधलेला असतो, पण शेजारच्या थराशी त्याचं नातं अगदी सैल. चिरोट्याच्या पदरांसारखे हे थर सुटे होतात. असा एक पदर नॅनोमीटरपेक्षाही पातळ भरतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 2004 साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून त्याचा एकच थर, म्हणजे ग्राफीन, मिळवलं आणि 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण ग्राफीनमधला प्रवाह पूर्ण बंद करता येत नाही, त्यामुळे स्विच म्हणून ते लंगडं पडतं. मोलिब्डेनम डायसल्फाइड मुळातच अर्धवाहक, त्यातला प्रवाह बंद करता येतो. 2011 मध्ये लोझानच्या प्रयोगशाळेने त्याच्या एका थराचा ट्रान्झिस्टर करून दाखवला आणि जगभर धांदल उडाली.

त्या धांदलीतलं मला सर्वांत भावलेलं काम डॉ. दत्तात्रय लाटे यांचं. पुणे विद्यापीठात लँथनम हेक्साबोराइडवर संशोधन, मग बेंगळुरूला सी. एन. आर. राव यांच्यासोबत, पुढे अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी विनायक द्रविड यांच्या गटात आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, असा त्यांचा प्रवास. त्यांचे लागोपाठचे दोन निबंध एकत्र वाचावेत, असा माझा आग्रह आहे.

पहिला 2012 चा. एका थराच्या ट्रान्झिस्टरला व्होल्टेज चढवत नेलं आणि मग उतरवलं, तर विद्युतप्रवाह गेल्या वाटेने परत येत नसे. दोष कुठे? लाटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मुख्य कारण हवेतला ओलावा. पाण्याचे रेणू पृष्ठभागावर बसतात, प्रकाशामुळे त्रास आणखी वाढतो. वरून सिलिकॉन नायट्राइडचं आवरण दिलं, तेव्हा हा दोष पुष्कळ कमी झाला.

दुसरा 2013 चा, आणि माझा जीव इथेच अडकला आहे. आदल्या वर्षी ज्या ओलाव्यापासून ट्रान्झिस्टर झाकून ठेवायचा होता, तोच आता मोजायचा! सिलिकॉनच्या चकतीवर 300 नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड, त्यावर चिकटपट्टीने सोडवलेले पापुद्रे. सूक्ष्मदर्शकाखाली जाडीनुसार त्यांचा रंग बदलतो, म्हणून थर किती याचा अंदाज नजरेनेच येतो. खातरजमा पुढे रामन वर्णपटाने होते, सी. व्ही. रामन यांचा 1928 चा शोध इथे रोजच्या कामाला येतो, हे मला फार आवडतं. या पापुद्र्यांवर नायट्रोजन डायऑक्साइड, अमोनिया आणि दमट हवा सोडली. पहिला वायू इलेक्ट्रॉन ओढून घेतो, रोध वाढतो. अमोनिया इलेक्ट्रॉन देतो, रोध घटतो.

तेव्हा सगळं जग एकाच थराच्या मागे होतं. या प्रयोगात मात्र काही थरांचा पापुद्रा सरस ठरला. त्याची संवेदनशीलता उत्तम होती आणि वायू काढून घेतल्यावर तो पूर्वस्थितीला नीट परतत होता. माझ्या मते या संशोधनाचं खरं मोल इथे आहे. सर्वांत पातळ तेच सर्वांत चांगलं, हे कुणी गृहीत धरू नये; मोजून पाहावं. पुढे लाटे यांच्या पुण्यातल्या गटाने काळ्या फॉस्फरसच्या पातळ पापुद्र्यांपासूनही आर्द्रतेचे संवेदक केले. उघड्या हवेत लवकर खराब होणारा हा पदार्थ, त्यामुळे ते काम चिकाटीचं.

हे सारं जालन्यात बसून वाचताना डोळ्यांसमोर बियाण्यांची गोदामं येतात. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली आणि बियाणं ही जालन्याची ओळख झाली. बियाणं हवेतला ओलावा शोषतं. साठवणुकीचा जुना ठोकताळा असा की बियाण्यातला ओलावा 1 टक्क्याने घटला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. पावसाळ्यात गोदामात गेलं की थप्पीच्या बाहेरच्या आणि आतल्या पोत्यांतला फरक हाताला कळतो. भिंतीवरचा आर्द्रतामापक मात्र खोलीचा एकच आकडा सांगतो. पोत्यागणिक ठेवता येईल असा इवलासा, कमी विजेवर चालणारा संवेदक इथे हवा आहे.

अडचण निवडकपणाची आहे. जो पापुद्रा ओलावा ओळखतो तोच अमोनियालाही प्रतिसाद देतो, आणि गोदामात धूळ असते, कीडनाशक धुरीचा वायूही असतो. 2018 पासून जालन्यात मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचं मराठवाडा केंद्र आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी असे संवेदक नेहमीच्या आर्द्रतामापकाशेजारी, सोयाबीन आणि कपाशीच्या थप्प्यांमध्ये, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ठेवून नोंदी घ्याव्यात. प्रयोगशाळेत मिळालेले आकडे भादव्यातल्या हवेत किती टिकतात, ते मला बघायचं आहे.