प्राणवायू पिकवणारा हौद

मैलाशुद्धीकरण केंद्रात गेलं की आधी कानावर पडते ती ब्लोअरची घरघर. सांडपाण्यातली घाण जिवाणू फस्त करतात. त्यांना प्राणवायू लागतो, आणि तो पाण्यात सोडण्यातच केंद्राची बरीचशी, अनेकदा निम्मी वीज जाते. पुण्या-मुंबईच्या ज्या सोसायट्यांत असं केंद्र आहे, तिथल्या कमिटीला हे बिल चांगलंच ठाऊक असतं.

प्राणवायू पुरवण्याचं हे काम उन्हाकडून करून घेता येतं, हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकापासून दाखवून दिलं. त्यांचा हौद धावपट्टीसारखा लांबोळका, मध्ये भिंत, पाणी जेमतेम फूटभर खोल. फळ्यांचं एक चाक संथ फिरत ते वाहतं ठेवतं, म्हणजे पाण्यात वाढणारं शेवाळ तळाशी न बसता आळीपाळीने उजेडात येतं. जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शेवाळ घेतं आणि त्यांना प्राणवायू देतं. नायट्रोजन-फॉस्फरस त्याच्या पेशींत जातात. भर दुपारी पाणी हिरवंगार होतं, प्राणवायू मावेनासा होऊन बुडबुडे सुटतात. पाण्याचा सामू ९ च्या पुढे जातो आणि रोगजंतू मरू लागतात. मला ही दुपार या यंत्राची खरी कमाल वाटते.

घोडं अडतं ते शेवाळ काढताना. पेशी मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढ्या. लिटरभर पाण्यात कोरडा माल बहुधा अर्धा ग्रॅमही भरत नाही. सेंट्रिफ्यूज लावावं तर वाचवलेली वीज त्यातच जाते. म्हणून खाली बसलेलं थोडं शेवाळ परत हौदात सोडतात. त्यातून जिवाणूंसह गुठळ्या बांधणाऱ्या जाती वाढतात आणि आपल्या वजनानेच तळाला जातात.

काढलेल्या शेवाळाचं करायचं काय? अमेरिकेने १९७८ ते १९९६ शेवाळातून तेल काढण्याचा मोठा कार्यक्रम चालवला. खनिज तेलापुढे ते महागच पडलं. स्पेनमधल्या चिक्लाना गावात २०११ साली युरोपीय संघाच्या मदतीने सुरू झालेल्या ‘ऑल-गॅस’ प्रकल्पाने शहाणपणाने तो नाद सोडला. सांडपाण्यावर वाढलेलं शेवाळ कुजवून मिथेन काढला, शुद्ध केला आणि त्यावर मोटारी चालवल्या. तरी माझ्या मते गॅस ही वरकड कमाई. मोठी बचत हवा न फुंकण्यात आहे.

पाणी हौदात काही दिवस राहावं लागतं, त्यामुळे जागा मात्र भरपूर लागते. मुंबईत ते जमणार नाही. पण मराठवाड्यातल्या ज्या नगरपालिकेकडे गावाबाहेर माळ आहे आणि वीजबिल भरताना जिची दमछाक होते, तिने हा हौद बांधावा. क्षेत्रफळ काढताना हिशेब मे महिन्याच्या उन्हाचा नको, जुलैच्या ढगाळ आठवड्यांचा हवा.