मत्स्यालयातील शिकारी माशांचा संतुलित आहार : ऑस्करच्या विशेष संदर्भात

मोठ्या शिकारी माशांना जिवंत मासे खाऊ घातले की त्यांच्या आहाराचा प्रश्न सुटला, असा समज मत्स्यपालनाच्या छंदात रूढ आहे. त्यामुळे माशाची भूक भागते. पोषण होतेच असे नाही. पोट भरलेला मासा कुपोषणाने मरू शकतो, ही बाब ऑस्कर या लोकप्रिय माशाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

ऑस्कर (अ‍ॅस्ट्रोनोटस ऑसेलेटस) हा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला, सिक्लिड कुळातील मासा होय. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा जीव मत्स्यपेटीत सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. निसर्गात तो लहान मासे खातो, तसेच जलकीटक, त्यांच्या अळ्या, कोळंबीवर्गीय प्राणी आणि थोडे वनस्पतिजन्य अन्नही खातो. शिवाय भक्ष्य तो अखंड गिळतो. हाडे, कवच व आतड्यांतील अर्धपचित अन्न यांतून त्याला खनिजे आणि जीवनसत्त्वे मिळतात. कोंबडीच्या मांसाच्या तुकड्यात हे काही नसते. त्यात फॉस्फरस पुष्कळ, पण कॅल्शियम अत्यल्प असते. जमिनीवरील प्राण्यांची चरबीही माशांच्या प्रकृतीला मानवणारी नव्हे.

खाद्य म्हणून सर्रास वापरला जाणारा गोल्डफिश हा कार्प कुळातील आहे. या कुळातील अनेक माशांच्या शरीरात थायमिनेज नावाचे विकर असते व ते थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, नष्ट करते. 1930 च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पाळीव रुपेरी कोल्ह्यांना कच्चे कार्प मासे खाऊ घातल्याने पक्षाघात होऊन ते दगावले. या विकाराला पुढे त्या कोल्हेपालकाच्या आडनावावरून ‘चॅस्टेक पक्षाघात’ हे नाव मिळाले आणि त्याचे मूळ थायमिनच्या अभावात असल्याचे सिद्ध झाले. शिकारी माशांतही हा अभाव भूक मंदावणे, तोल जाणे, झटके येणे अशा लक्षणांनी प्रकट होतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गोठवल्याने हे विकर निष्क्रिय होत नाही, उष्णतेने होते. त्यामुळे गोठवलेले कार्प कुळातील मासे सुरक्षित मानणे चुकीचे ठरते. जिवंत खाद्यमाशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग व अन्य परजीवीही पेटीत प्रवेश करतात, ते वेगळेच.

दुसरा प्रश्न क जीवनसत्त्वाचा. बहुतेक अस्थिमत्स्यांप्रमाणे ऑस्करलाही ते स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, हे जीवनसत्त्व वगळलेल्या आहारावरील ऑस्करमध्ये कल्ल्यांची झाकणे व जबडे विकृत झाल्याचे आणि रक्तस्राव झाल्याचे आढळले. ऑस्करच्या डोक्यावर पडणाऱ्या खड्ड्यांचा संबंधही अनेकदा आहाराशी जोडला जातो. मात्र त्यामागे पाण्याची गुणवत्ता, परजीवी अशी अनेक कारणे सांगितली जातात. केवळ जीवनसत्त्वे देऊन निर्धास्त होणे योग्य नव्हे.

म्हणूनच चांगल्या प्रतीचे, जीवनसत्त्वयुक्त गोळीखाद्य हा रोजच्या आहाराचा पाया असावा. त्याला सालासकट कोळंबी, गांडुळे, नाकतोडे यांची जोड द्यावी. कीटकनाशक फवारलेल्या शेतातील कीटक अर्थातच वर्ज्य. खाद्याचा मोठा डबा स्वस्त पडतो खरा, परंतु तो उघडल्यावर हवा, उष्णता व ओलावा यांमुळे क जीवनसत्त्व झपाट्याने घटते. तेव्हा लहान डबा घेऊन तो लवकर संपवणे श्रेयस्कर. पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे, तर पूर्ण वाढलेल्या माशाला दिवसातून एकदा दिले तरी पुरते. शिल्लक अन्न लगेच काढावे, अन्यथा त्यातील प्रथिने कुजून पाण्यात अमोनिया वाढतो.

जिवंत भक्ष्याची सवय जडलेला ऑस्कर प्रारंभी गोळ्या तोंडात घेऊन थुंकतो. निरोगी प्रौढ माशाला काही दिवसांचा उपवास अपाय करत नाही. पालकाचाच धीर बहुधा आधी सुटतो, तो पुन्हा गोल्डफिश आणतो आणि माशाची जुनी सवय अधिकच पक्की होते.