मुलाचें नाक कोणाचें?

शाळेच्या स्नेहसंमेलनास पालकमंडळी जमली म्हणजे आम्हांस एक मौज पाहावयास मिळते. ज्यांस पूर्वीं कधीं पाहिलें नाहीं अशा गृहस्थांकडे दृष्टि जातांच 'हे अमक्याचे वडील असावेत' असें मनांत येतें, आणि तें बहुधा खरें ठरतें. हनुवटी बापाची, डोळे आईचे, नाक मात्र थेट आजीचें! हा वारसा मिळतो तरी कसा?

गर्भ चार आठवड्यांचा असतां त्यास चेहरा असा नसतोच. मुखाच्या जागेभोंवतीं पांच लहान उंचवटे मात्र दिसूं लागतात: कपाळाकडील एक, वरच्या जबड्याचे दोन व खालच्या जबड्याचे दोन. पुढील चार आठवड्यांत ते वाढत वाढत एकमेकांस येऊन मिळतात. वरच्या ओठावर नाकाखालीं जी पन्हळ असते, ती या जुळणीचीच खूण होय. कोणत्या उंचवट्यानें कधीं व किती वाढावें याच्या आज्ञा जनुकांत असतात, आणि बहुतेक प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून येते.

२०१६ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील कौस्तुभ अधिकारी व त्यांचे सहकारी यांनीं लॅटिन अमेरिकेंतील सुमारें सहा हजार लोकांचे चेहरे व जनुकें ताडून पाहिलीं. जीएलआय-३ व पॅक्स-१ या जनुकांचा नाकपुड्यांच्या रुंदीशीं, तर रन्क्स-२ चा नाकाच्या दांड्याच्या रुंदीशीं संबंध आढळला. चेहऱ्याशीं संबंध असलेलीं अशीं शेंकडों स्थळें आतां ठाऊक झालीं आहेत. प्रत्येकाचा वांटा अगदीं अल्प. म्हणूनच सख्ख्या भावांचीं नाकेंही भिन्न असतात. नाकपुड्यांच्या रुंदीचा हवामानाशींही मेळ दिसतो: थंड व कोरड्या प्रदेशांत अरुंद नाकांतून जातांना हवा ऊबदार व ओलसर होते.

नाकाचा बुद्धीशीं संबंध मात्र कोणास आढळला नाहीं. आमच्या वर्गांत भिल्ल, पावरा, मावची, गुजर अशा सर्व घरचीं मुलें एका बांकावर बसतात, आणि क्वचित् एखादा दुसऱ्यास 'नकट्या' म्हणून चिडवितो. पण हें वेड केवळ मुलांचेंच होतें असें नव्हे. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख सर हर्बर्ट रिस्ले यांनीं तर नाक जितकें रुंद तितकी जातीची पायरी खालची, असा सिद्धान्तच मांडला होता!

पुढें १९३० च्या सुमारास इरावती कर्वे बर्लिनमध्यें प्रो. ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं अभ्यास करीत होत्या. गोऱ्या लोकांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत इतरांहून अधिक फरक असतो व तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचें चिन्ह आहे, अशी गुरूंची कल्पना. इरावतीबाईंनीं सुमारें दीडशें कवट्या मोजल्या. वंशावंशांत तसा भेद आढळला नाहीं, आणि त्यांनीं तसेंच लिहून दिलें. परक्या देशांत, गुरूंच्याच मताविरुद्ध हें लिहिणें सोपें नव्हतें. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत राहून त्यांनीं महाराष्ट्रांतील अनेक जातिजमातींचीं मापें घेतलीं.

या सुटींत विद्यार्थ्यांनीं घरच्या वडील माणसांस जवळ बसवून कान, हनुवटी व ओठावरील पन्हळ यांची तुलना करावी व वहींत नोंद ठेवावी. ती पाहण्यास आम्हांस आनंद वाटेल. एखाद्याचें नाक आईबापांशीं मुळींच जुळलें नाहीं, तर आत्याकडे किंवा मामाकडे पाहावें.